घरचा जनरेटर, खांबावरचा माणूस

(वीज, बँक, विमा, टपाल आणि दुकाने-आस्थापना या क्षेत्रांतील कामगारांच्या संयुक्त सुरक्षा अभ्यासवर्गात केलेले भाषण. बोलण्यातील भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर पाहून काही साथींनी मला विचारले की, घरचा जनरेटर हा कामगार संघटनेचा विषय कसा? ज्याच्याकडे पैसा आहे तो जनरेटर घेईल, आपला त्याच्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

या सभागृहात तीन प्रकारची माणसे बसली आहेत. काहींच्या घरी किंवा घराला लागून असलेल्या दुकानात लहान जनरेटर आहे. काहीजण दुसऱ्याचा जनरेटर चालवतात. त्यांत सोसायटीचे वॉचमन आहेत, बँकेच्या शाखेतले शिपाई आहेत, दुकानातले नोकर आहेत. तिसरे आहेत वीज कंपन्यांचे लाइनमन आणि वायरमन, कायम आणि कंत्राटी दोन्ही, जे लाइट गेल्यावर खांबावर चढतात. पहिल्याच्या घरातली चूक दुसऱ्याच्या छातीत धूर भरते आणि तिसऱ्याच्या हातात वीज सोडते. म्हणून हा विषय संघटनेचा आहे.

आपल्या देशात जनरेटर घरात शिरला तो हौसेने शिरलेला नाही. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या भारनियमनाची वर्षे आपल्याला आठवतात. उत्तर प्रदेश, बिहार, पंजाबमधल्या बाजारपेठांत दुकानासमोर साखळीने बांधलेला जनरेटर हे वर्षानुवर्षांचे दृश्य. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेकडचे ग्रिड कोसळले, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भागही अंधारात गेला आणि कोट्यवधी लोक विजेविना राहिले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईसारख्या शहराची वीज गेली. आज भारनियमन कमी झाले आहे, घरोघरी इन्व्हर्टर आले आहेत. परंतु वादळ आले की इन्व्हर्टरची बॅटरी काही तासांत संपते. मे २०१९ मधल्या फनी वादळानंतर ओडिशात आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. अशा वेळी कोपऱ्यात पडलेला जनरेटर बाहेर काढला जातो, घाईत जोडला जातो, आणि नेमक्या त्याच वेळी शेकडो लाइनमन तुटलेल्या तारा जोडत असतात. धोक्याची वेळ ती आहे.

उलटी जाणारी वीज

पहिला धोका समजून घेऊ. तुमच्या घरात येणारी २३० व्होल्टची वीज कोपऱ्यावरच्या डीपीमधून येते. डीपीतला ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचा दाब उतरवून घरगुती दाब करतो. पण ट्रान्सफॉर्मर हे दोन्ही बाजूंनी चालणारे यंत्र आहे. खालच्या बाजूने २३० व्होल्ट दिले तर वरच्या बाजूला हजारो व्होल्ट तयार होतात. यंत्राला वीज महावितरणची की अमुक बंगल्यातली, हे कळत नाही.

आता पाहा काय होते. लाइट जाते. घरमालक जनरेटर काढतो. त्याच्याकडे दोन्ही टोकांना पिना असलेली वायर असते. एक पिन जनरेटरच्या सॉकेटमध्ये आणि दुसरी घराच्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये घातली की सगळे घर उजळते. मेन स्विच बंद करायचा राहिला तर तीच वीज मीटरमधून मागे, सर्व्हिस वायरवर, तिथून खांबावरच्या तारांवर जाते. पलीकडच्या खांबावर आपला साथी चढलेला असतो. सबस्टेशनमधून फीडर बंद आहे, परमिट हातात आहे, म्हणून तो निर्धास्त असतो.

काहीजण म्हणतात, एवढासा जनरेटर अख्ख्या गल्लीला वीज देणार कुठून? शेजाऱ्यांच्या लोडने तो लगेच दबून बंद पडेल. पुष्कळदा पडतोही. पण वादळात तारा मध्येच तुटलेल्या असतात, डीपीचे फ्यूज काढलेले असतात, शेजाऱ्यांनी मेन स्विच बंद केलेले असतात. मग त्या तुकड्यावर लोडच उरत नाही आणि जनरेटर आरामात चालत राहतो. शिवाय माणूस मारायला अकरा हजार लागत नाहीत. उघड्या ओल्या हाताला २३० व्होल्ट पुरेसे आहेत.

दुसरे उत्तर असे येते की, मी मेन स्विच आठवणीने बंद करतो. साथींनो, दुसऱ्याचा जीव आपल्या आठवणीवर ठेवता येत नाही. रात्र असते, अंधार असतो, मुलगा किंवा वॉचमन जनरेटर लावतो. म्हणून उपाय माणसाच्या लक्षात नव्हे, लोखंडात असायला हवा. त्या उपायाचे नाव चेंजओव्हर स्विच. मधला दांडा एका बाजूला टाकला की घर कंपनीच्या विजेवर, दुसऱ्या बाजूला टाकला की जनरेटरवर, मध्ये ठेवला की दोन्ही बंद. दोन्ही वीज एकाच वेळी जोडली जाणे त्यात शक्यच नसते. हा स्विच चार-पाच दिव्यांसाठी असला तरी लावायचा. सिंगल फेज घराला दोन पोलचा, तीन फेजला चार पोलचा घ्यायचा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. न्यूट्रल म्हणजे निरुपद्रवी तार, हा समज खोटा आहे. बिघाडात त्याच तारेवर दाब येतो.

दोन्हीकडे पिना असलेली ती वायर कुणाच्याही घरी दिसली तर आधी कापून टाका. तिचे एक टोक जोडले की दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्या आणि जिवंत असतात. घरातल्या लहान मुलाच्या हातात ती आली तर काय होईल ते सांगायला नको.

अलीकडे छपरांवर सौर पॅनेल वाढली आहेत. ग्रिडला जोडलेला सौर इन्व्हर्टर लाइट गेली की आपोआप बंद होतो, ही चांगली रचना आहे. पण त्याच घरात जनरेटर जोडला तर जनरेटरलाच ग्रिड समजून सौर इन्व्हर्टर वीज ढकलू लागण्याचा संभव असतो आणि लहान जनरेटर त्याने जळतो. म्हणून सौर संच असलेल्या घरात जनरेटरची जोडणी दोन्ही गोष्टी जाणणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

लाइनमन साथींना माझे सांगणे वेगळे आहे. फीडर बंद म्हणजे लाइन मेली असे धरू नका. आपल्या नियमांत जे सांगितले आहे ते याच कारणासाठी आहे. परमिट घ्या, टेस्टर लावून दाब नाही याची खात्री करा, आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारा शॉर्ट करून अर्थ करा. डिस्चार्ज रॉड गाडीत ठेवून खांबावर जाऊ नका. कुठून तरी जनरेटरचा आवाज येत असेल तर ते घर आधी शोधा. आणि रॉड, हातमोजे, टेस्टर मिळाले नसतील तर ते मागणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे. कंत्राटी कामगाराला ही साधने मागायची भीती वाटते, तिथे मागणी संघटनेने करायची.

दिसत नाही असा धूर

दुसरा धोका घरच्यांचा आणि वॉचमनचा. पेट्रोल असो, डिझेल असो की गॅस, इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. लोक म्हणतात धूर दिसत नाही, म्हणजे इंजिन चांगले आहे. पण दिसणारा धूर आणि हा वायू या वेगळ्या गोष्टी आहेत. पेट्रोलचे लहान इंजिन याबाबतीत विशेष वाईट.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. म्हणजे श्वास चालू असतो, पण रक्तातून प्राणवायू पोचत नाही. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, अंगातले बळ जाते. माणसाला वाटते पित्त झाले किंवा थकवा आला, म्हणून तो आडवा होतो. आडवा झालेला पुष्कळदा उठत नाही. एकाच घरातल्या दोन-तीन माणसांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली आणि ताप कुणालाच नाही, तर आधी जनरेटर आठवा.

करोनाच्या काळापासून पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. इथे त्यावर विश्वास ठेवू नका. ते यंत्र कार्बन मोनॉक्साइड धरलेल्या रक्तालाही प्राणवायूचे रक्त समजते आणि ९८ दाखवते. अशा माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत न्या, १०८ किंवा ११२ ला फोन करा, आणि डॉक्टरांना "जनरेटरचा धूर लागला आहे" हे शब्द स्पष्ट सांगा. ते सांगितले नाही तर उपचार भलतीकडे जातो. यावरचा मुख्य उपचार शुद्ध प्राणवायू हाच आहे. साध्या हवेत हा विषारी वायू रक्तातून अर्धा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर साधारण दीड तास. आणि वाचवायला जाणाऱ्याने आधी दारे उघडावी, शक्य तर जनरेटर बाहेरून बंद करावा. आत धावत जाऊन दुसरा बळी होऊ नये.

जनरेटर कुठे ठेवायचा नाही याची यादी लक्षात ठेवा. खोलीत नाही, स्वयंपाकघरात नाही, बाल्कनीत नाही, जिन्याखाली नाही, तळघरात नाही, बंद पार्किंगमध्ये नाही, आणि अर्धे शटर ओढलेल्या दुकानात तर मुळीच नाही. पाऊस असो, चोरीची भीती असो, कारण कोणतेही असो. खिडकी उघडी ठेवली, पंखा लावला, तरी ते पुरत नाही. हा वायू साधारण हवेइतक्याच वजनाचा आहे. तो खाली बसत नाही की वर निघून जात नाही, सगळ्या खोलीत मिसळतो.

अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचे सांगणे आहे की, हलवता येणारा जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर, धूर घराच्या उलट दिशेला जाईल असा ठेवावा. त्या देशात दरवर्षी शंभरच्या आसपास माणसे या एका कारणाने मरतात, आणि त्यांतली पुष्कळ वादळानंतर लाइट गेलेली असताना. आपल्याकडे चाळीत आणि गल्लीत २० फूट सापडणे कठीण, हे मला माहीत आहे. पण जितके जमेल तितके दूर, उघड्यावर, आणि कुणाच्याही खिडकीखाली नको, शेजाऱ्याच्या तर नकोच. जागाच नसेल तर जनरेटर घेऊ नये, बॅटरी-इन्व्हर्टर घ्यावा. ही सल्ल्यातली कंजुषी नाही, हिशेब आहे.

सोसायटीच्या मोठ्या डिझेल सेटसाठी धुराड्याचा नियम आहे. धुराड्याची उंची इमारतीच्या उंचीपेक्षा केव्हीएच्या वर्गमुळाच्या ०.२ पट मीटरने जास्त हवी. म्हणजे २५ केव्हीएच्या सेटला इमारतीवर एक मीटर. सेटला आवाज रोखणारे आवरण हवे, एक मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज चालत नाही. १ जुलै २०२३ पासून नव्या सेटना प्रदूषणाचे अधिक कडक निकष लागू आहेत, आणि दिल्ली व राजधानी क्षेत्रात डिझेल सेट चालवण्यावर वेगळे निर्बंध आहेत. त्या भागातल्या साथींनी ते पाहून घ्यावेत.

घेताना आणि बसवताना

किती मोठा घ्यायचा? घरातल्या सगळ्या वस्तूंची बेरीज नको, लाइट गेल्यावर ज्या लागतातच त्यांची बेरीज करा. दहा एलईडी दिवे ९० वॅट, चार साधे पंखे ३०० वॅट, टीव्ही १०० वॅट, फ्रिज २०० वॅट, मिळून सातशेच्या आत. पण मोटर असलेली वस्तू सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. फ्रिज तिप्पट किंवा अधिक, पाण्याचा पंप तिपटीपासून सहापटीपर्यंत. म्हणून एक अश्वशक्तीचा पंप लावायचा असेल तर चालू असताना हजार-अकराशे वॅट घेणारी ती मोटर सुरू होताना लहान सेटला लोळवते. पंपासाठी मोठा सेट घेण्याऐवजी टाकी वेळेवर भरून ठेवणे पुष्कळ स्वस्त. आणि केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हे. अनेक सेटना ०.८ ने गुणावे लागते. ५ केव्हीए म्हणजे ४ किलोवॅट.

वायर लोडप्रमाणे हवी. २ केव्हीएचा सेट २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर देतो. त्याला तीन कोअरची, तांब्याची, किमान १.५ चौरस मिलिमीटरची वायर लागते, अंतर जास्त असेल तर २.५ ची. रीळवर गुंडाळलेली एक्स्टेंशन वायर पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेलीत उष्णता साठते आणि आवरण वितळते. दोन कोअरच्या वायरने अर्थिंगच नाहीसे होते, ती वापरू नका.

अर्थिंगबद्दल थोडे सविस्तर सांगतो. तीन फेजच्या सेटच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग हवीत, हे नियमाने बंधनकारक आहे. सिंगल फेजच्या कायम बसवलेल्या सेटलाही चांगले अर्थिंग लागतेच. नळाच्या पाइपला तार गुंडाळणे म्हणजे अर्थिंग नव्हे. आजकाल पाइपही प्लास्टिकचे असतात. दुसरी गोष्ट आरसीसीबीची. माणसाला झटका बसू लागताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे हे साधन घरात असायलाच हवे. पण लहान पोर्टेबल सेटमध्ये न्यूट्रल बहुधा सांगाड्याला जोडलेला नसतो. अशा वेळी बिघाड झाल्यावर आरसीसीबी उडेलच याची खात्री नसते. न्यूट्रल आणि अर्थ यांची जोडणी करायची की नाही, केली तर कुठल्या एकाच ठिकाणी, हे परवानाधारक कंत्राटदाराने सेट पाहून ठरवायचे आणि नंतर चाचणी करून दाखवायची. चाचणी न करता निघून जाणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नका.

कायद्याचे म्हणाल तर १९५६ च्या वीज नियमांची जागा आधी २०१० च्या आणि आता २०२३ च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनी घेतली आहे. राज्य सरकारने ठरवलेल्या क्षमतेपेक्षा मोठा सेट विद्युत निरीक्षकाच्या तपासणीशिवाय सुरू करता येत नाही. सेट लहान असला तरी वीज कंपनीच्या शाखा कार्यालयाला लेखी कळवून ठेवा. त्या एका कागदामुळे लाइनमनला कळते की या गल्लीत जनरेटर आहे.

चालवण्याची रीत

चालवणारा कुणीही असो, क्रम एकच ठेवा. आधी ऑइल आणि इंधन पाहा. चेंजओव्हर मधल्या खुणेवर आणा. लोड न देता इंजिन सुरू करा आणि दोन-तीन मिनिटे चालू द्या. मग चेंजओव्हर जनरेटरकडे टाका आणि एकेक वस्तू सुरू करा, मोटर असलेली सगळ्यांत मोठी वस्तू आधी. बंद करताना उलटा क्रम. वस्तू बंद, चेंजओव्हर मध्ये, इंजिन दोन-तीन मिनिटे मोकळे, मग बंद, आणि इंधनाचा कॉक बंद. कंपनीची लाइट आली हे कळावे म्हणून चेंजओव्हरच्या अलीकडे, कंपनीच्या बाजूला एक छोटा इंडिकेटर दिवा लावून घ्या. नाहीतर लोक स्विच उघडझाप करून पाहतात.

व्होल्टेज कमी वाटते म्हणून गव्हर्नर पिळून इंजिनाचा वेग वाढवणारे कारागीर भेटतात. वेग वाढला की फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज दोन्ही वाढतात, आणि फ्रिज, टीव्ही जळतात. गव्हर्नरला हात लावू नका.

चालू किंवा गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका. बंद करा, किमान पंधरा मिनिटे थांबा, मग नरसाळ्याने भरा. दिव्याखाली, मेणबत्तीच्या उजेडात भरणे म्हणजे आत्महत्या. पेट्रोलची वाफ थंडीतही पेट घेते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीवरून सरपटत दूरच्या चुलीपर्यंत जाते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते, तेही घट्ट बुचाच्या भांड्यात, आणि धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा मोठे नको. पण कायद्याने चालते म्हणून घरात ३० लिटर ठेवावे असे नाही. लागेल तेवढेच, घराबाहेर, सावलीत ठेवा. पाण्याच्या बाटलीत तर कधीच नको, मूल ते पिऊन टाकते. जवळ कोरड्या पावडरचे अग्निशामक आणि वाळूची बादली ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी टाकू नका, त्याने आग पसरते.

पाऊस पडत असताना उघड्यावरच्या सेटला ओल्या हातांनी, अनवाणी हात लावू नका. वर छप्पर असावे, पण चारी बाजू मोकळ्या असाव्यात. ताडपत्री थेट इंजिनावर टाकणे म्हणजे आग आणि धूर दोन्हींना आमंत्रण.

जुन्या पट्ट्याच्या डिझेल इंजिनाबद्दल दोन शब्द. अशी इंजिने अजून पुष्कळ गावांत आणि बाजारांत चालतात. पट्टा आणि फ्लायव्हील यांना जाळी हवीच. धोतराचा सोगा, साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस यांतले काहीही एका क्षणात ओढले जाते. हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, दांड्याभोवती वळवू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर दांडा हातातून सुटला पाहिजे. अंगठा अडकला की मनगट मोडते.

झटका बसला तर माणसाला धरू नका. आधी जनरेटर बंद करा, तो जवळच असतो. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर करा. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत थांबू नका.

देखभाल

सेट वापरात नसतो, त्या दिवसांतच तो बिघडतो. महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे, लोड देऊन चालवा. इंजिन ऑइल दर वेळी, सपाट जागेवर, इंजिन थंड असताना पाहा. लहान पेट्रोल सेटमध्ये पहिले ऑइल साधारण २० तासांनी आणि पुढे १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलावे लागते, पण आपल्या सेटच्या पुस्तिकेत जे दिले असेल ते अखेरचे. तास मोजायला मीटर नसेल तर भिंतीवर वही टांगा. तारीख, किती तास, किती तेल, कोणी चालवला, एवढे चार रकाने पुरेत.

एअर फिल्टर धुळीच्या भागात लवकर साफ करा. फिल्टर चोंदला की जळण अपुरे होते आणि विषारी वायू वाढतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढते. म्हणून महिनोन्‌महिने सेट ठेवायचा असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करा. डिझेल सेट फार कमी लोडवर तासन्‌तास चालवू नका, न जळालेले तेल सायलेन्सरमध्ये साचते. सायलेन्सरचा जोड आणि पाइप दर काही महिन्यांनी पाहा. फुटलेल्या पाइपमधून धूर भलत्या ठिकाणी निघतो.

बॅटरी असेल तर चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, जवळ विडी-काडी नको. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडा, लावताना शेवटी लावा. दुरुस्तीआधी स्पार्क प्लगची टोपी काढा किंवा बॅटरी सोडा, म्हणजे सेट अचानक सुरू होणार नाही. आरसीसीबीचे टेस्ट बटन दर महिन्याला दाबा. अर्थिंगची मोजणी वर्षातून एकदा, शक्य तर उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना करून घ्या. तेव्हा जो आकडा चांगला निघेल तो बाकीच्या ऋतूंत चालतो.

ज्याला चालवायला लावतात तो

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते आजचा मुख्य. जनरेटर ज्याच्या मालकीचा असतो तो तिथे क्वचितच उभा असतो. उभा असतो वॉचमन. त्याला कुणी शिकवलेले नसते. "लाइट गेली की हा दांडा खाली कर" एवढेच सांगितलेले असते. पुष्कळ इमारतींत जनरेटरची खोली हीच त्याची झोपायची खोली असते, कारण तिथे थंडी कमी असते. थंडीच्या रात्री, दार लावून, चालू सेटशेजारी झोपलेला माणूस सकाळी उठेल याची हमी कोण देणार?

म्हणून आपल्या शाखांनी काही कामे हाती घ्यावीत असे मी सुचवतो. पहिले, जिथे जिथे आपले सभासद जनरेटर चालवतात तिथे मालकाकडून शिक्षण, रबरी बूट, हातमोजे आणि कानाचे संरक्षण मागावे. दुसरे, जनरेटरच्या खोलीत कुणीही झोपणार नाही, ही अट लेखी करून घ्यावी आणि वॉचमनला बसायला-झोपायला वेगळी जागा मागावी. तिसरे, चालवण्याचा क्रम मोठ्या अक्षरांत सेटशेजारी लावावा, तोही चालवणाऱ्याला वाचता येईल त्या भाषेत. इंदूर, हैदराबाद, सुरत, बेळगाव इथले आपले मराठी साथी हिंदी, तेलुगू, गुजराती, कन्नड सहकाऱ्यांबरोबर काम करतात. फलक केवळ मराठीत लावून भागणार नाही. चौथे, वीज कामगारांच्या शाखांनी पावसाळ्याआधी आपापल्या भागातल्या सोसायट्या आणि बाजारपेठांत जाऊन चेंजओव्हर आहे की नाही हे विचारावे. गणवेशातला लाइनमन स्वतः दारात येऊन म्हणतो की, "तुमच्या या वायरने माझा जीव जाऊ शकतो", तेव्हा माणसे ऐकतात. पत्रकापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

कुणी म्हणेल, यात संघर्ष कुठे आहे? साथींनो, वेतनवाढीची लढाई मोठी आहेच. पण चेंजओव्हर स्विच नसल्यामुळे जो खांबावरून खाली येतो त्याला कोणतीच वेतनवाढ लागू होत नाही. हा स्विच फार महाग नाही. घरमालकाला तो परवडतो, सोसायटीला परवडतो, दुकानदाराला परवडतो. न लावण्याचे कारण पैसा नसून, मरणारा माणूस आपल्या ओळखीचा नसतो हे आहे. ती ओळख करून देणे हे आपले काम आहे.

येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक शाखेने निदान दहा ठिकाणे पाहावीत आणि पुढच्या बैठकीत किती ठिकाणी चेंजओव्हर बसला त्याचा आकडा मांडावा, एवढी विनंती करून मी माझे बोलणे संपवतो.  प्रश्न असतील तर जरूर विचारा.